बदलीवाला

नवतपा चालू होता.
सिव्हिल लाइन्सच्या त्या हॉलमध्ये
एसीची हवा फक्त पहिल्या तीन रांगांना
आणि मी दहाव्या रांगेत.
"यंदाचा सर्वोत्तम बदली खेळाडू, भूपेश हेडाव!"
हेडाऊचा हेडाव केला,
तरी मी उठलो.
उठायची सवय आहे मला.
कोणी हाक मारली की चेन ओढून जॅकेट काढायचं,
गार पडलेल्या गुडघ्यांवर दोन थापा,
आणि स्कोअररच्या टेबलाशी जाऊन
शिट्टीची वाट बघत उकिडवं बसायचं.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
सहाव्याच्या मुखी च्युइंगगम.

या बक्षिसाला एक अट असते:
सुरुवातीपासून जितके सामने खेळलात
त्याहून जास्त बाकावरून उठून खेळलेले हवेत.
मोसम चोवीस सामन्यांचा.
मधेच अल्ताफचा गुडघा गेला.
उडी मारली तेव्हा होता, खाली आला तेव्हा नव्हता.
अकरा सामने मी त्याच्या जागी उभा राहिलो,
दिवे विझवून नाव पुकारतात, मागून ढोल,
ते सगळं.
बारावा तसाच खेळलो असतो
तर बारा-बारा झाले असते, आणि बक्षीस
कुण्या दुसऱ्याच बाकावर गेलं असतं.

शेवटच्या सामन्याला अल्ताफ परत आला.
"एकदम फिट," कोचला म्हणाला.
ड्रेसिंग रूमच्या जिन्यावर मी त्याच्या मागे होतो.
तो कठडा धरून उतरत होता,
एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत,
लहान मूल उतरतं तसा.
मी काही बोललो नाही.
सहा मिनिटं खेळला. मग मला हाक आली.
बावीस गुण केले मी त्या दिवशी.

बाबा गणेशपेठेतल्या मिलमध्ये बदली कामगार होते.
एकवीस वर्षं.
सकाळी साडेसहाला फाटकाबाहेर,
हातात पिवळं कार्ड, डब्यात भाकर.
आतला कोणी आला नाही तर यांना आत.
आमची चूल दुसऱ्याच्या तापावर पेटायची.
दोनशे चाळीस दिवस भरले की माणूस कायम होतो, म्हणत.
बाबांचे भरायचे दोनशे अकरा, दोनशे तेहेतीस,
एका वर्षी दोनशे एकोणचाळीस.
त्या वर्षी पुढे
अख्ख्या नागपुरात कोणीच आजारी पडलं नाही.

ऑटोतून तांडापेठेपर्यंत ट्रॉफी मांडीवर.
पितळेचा माणूस, चेंडू घेऊन उंच उडालेला.
बसलेला माणूस कोणी ओतत नाही.

बाबा कूलरसमोर जागेच.
ट्रॉफी त्यांनी उलटी करून बूड पाहिलं,
बोटानं वाजवून पाहिली,
माठ घेताना पाहतात तशी.
"बदलीवाल्यालेबी इनाम भेटते?"
"भेटते."
"आन् कायम कधी करतेत?"
मी हसलो. ते नाही हसले.
तांब्याभर पाणी प्यायले, तोंड पुसलं.
"ज्याच्या जागी गेलता,
तो पोट्टा कसा हाये आता?"

आई सांगायची,
ज्याच्या मागावर दिवसभर उभे राहिले
त्याच्या घरी संध्याकाळी जाऊनच बाबा घरी यायचे,
बिस्किटाचा पुडा घेऊन.
पुडा उधारीचा असायचा.
उधारी कोणाच्या तापावर फिटायची,
हे तिनं कधी सांगितलं नाही.

"साडेअकरा झाले, बाबा."
ते माझ्याकडे बघत राहिले.
फोन लावला. वाजून वाजून बंद पडला.
कूलरमधलं पाणी संपत आल्याचा खरखराट,
टीपॉयवर तो पितळी माणूस
अजून खाली आला नव्हता.

"लाव पुन्हा," बाबा म्हणाले.
"दुखत असन तर झोपला नसन."